धाप मोजून घ्या

ज्या घरात आई स्वयंपाक करता करता मध्येच ओट्याला टेकून उभी राहते, वडील अंघोळ करून आले की कॉटवर बसून दम खाल्ल्याशिवाय सदरा घालत नाहीत, आणि विचारलं की दोघंही "काही नाही रे, वय झालं" म्हणतात, त्या घरातल्या मुलामुलींना आणि सुनांना ही विनंती आहे. वयामुळे माणूस हळू चालतो. पण चार शब्द बोलून पाचव्या शब्दाआधी श्वास घ्यावा लागणं हे वयाचं लक्षण नव्हे. त्यामागे फुप्फुसाचा, हृदयाचा किंवा रक्ताचा आजार असू शकतो, आणि बहुतेक वेळा तो शोधून काढता येतो. मात्र त्यासाठी तो कुणीतरी शोधावा लागतो.

अडचण अशी की धापेचा माणूस तक्रार करत नाही, तो कामं सोडतो. "दम लागतो का?" असं विचारलं तर "नाही" असंच उत्तर येतं, कारण जिथे दम लागत होता ते काम त्याने केव्हाच बंद केलेलं असतं. म्हणून प्रश्न बदला. गेल्या दोन वर्षांत काय काय करायचं सोडलं, ते विचारा. मग हळूहळू कळतं: गच्चीवर वाळवण घालायला आता सूनबाई जातात, बाजाराची पिशवी रिक्षातून येते, भजनात बाबा टाळ धरतात पण गात नाहीत, जेजुरीला गेलं की आई "तुम्ही जाऊन या" म्हणत पायथ्याशीच बसते. सपाट रस्त्यावर बरोबरीच्या माणसांच्या मागे पडणं, शंभर पावलांवर थांबावं लागणं, कपडे बदलतानाही धाप लागणं, या पायऱ्या आम्ही डॉक्टर दवाखान्यात मोजतो. घरच्यांना त्या आमच्याआधी दिसतात. पहिली पायरी दिसली तेव्हाच रुग्णाला घेऊन या, शेवटची येईपर्यंत थांबू नका.

आपल्याकडे धाप, खोकला, घरघर अशा सगळ्या तक्रारी 'दमा' या एकाच नावाखाली जातात आणि त्या नावावर वर्षानुवर्षं औषध चालतं. दम्यात श्वासनलिका आकसतात आणि पुन्हा मोकळ्या होतात, त्यामुळे दोन झटक्यांच्या मधल्या काळात माणूस ठणठणीत असू शकतो. सीओपीडी या आजारात नलिका अरुंद होतात, फुप्फुसातले हवेचे फुगे फाटतात आणि ही हानी पूर्णपणे भरून येत नाही. फायब्रोसिसच्या गटातल्या आजारांत फुप्फुस कडक होतं आणि फुगेनासं होतं. तिन्हींत धाप लागते, तिन्हींत खोकला येतो, पण उपचार मात्र तिन्हींचे वेगळे. एकाचं औषध दुसऱ्याला देत राहिलो तर पैसे जातात आणि त्याहून वाईट म्हणजे वर्षं जातात.

"पण आमच्या घरात कुणी विडीसुद्धा ओढत नाही," हे वाक्य फार ऐकावं लागतं. विडी-सिगारेट हे मोठं कारण आहेच, त्याबद्दल वाद नको. पण पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, की जगात तंबाखू ओढणारे सुमारे १०० कोटी असतील, तर लाकूड, गोवऱ्या, काटक्या यांच्या धुरात राहणारी माणसं सुमारे ३०० कोटी आहेत. आपल्या गावांतल्या बायकांची फुप्फुसं या धुरातच गेली. लहानपणी आईजवळ चुलीपाशी, लग्नानंतर सासरच्या चुलीपाशी. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, सिलिंडर घरात पोचला, चांगलंच झालं. तरी अंगणातल्या चुलीवर किंवा बंबात पाणी अजून लाकडांवरच तापतं, सिलिंडर महाग झाला की भाकरीही परत चुलीवर जाते. आणि आज गॅसवर स्वयंपाक करणाऱ्या साठीच्या बाईच्या छातीत आधीच्या तीस वर्षांचा धूर आहेच. डॉक्टरांनी विचारलं नाही, तरी चुलीचं स्वतःहून सांगा. टीबी होऊन बरा झाला असेल तर तेही सांगा, कारण जंतू गेले तरी फुप्फुसात व्रण राहतात आणि त्यातून कायमची धाप मागे राहू शकते. दगडखाणीत, क्रशरवर, जिनिंगमध्ये किंवा पिठाच्या गिरणीत काम केलं असेल तर तेही सांगा. खिडक्या लावून रात्रभर डासांची कॉइल जाळत असाल तर ती आजपासून बंद करा. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असल्याचं २००३ सालच्या एका अभ्यासात मोजलं गेलं आहे. मच्छरदाणीतून धूर निघत नाही.

आता मुख्य मागणीकडे येतो. मधुमेह आहे की नाही, हे कुणी तोंड पाहून ठरवत नाही, रक्त तपासतात. रक्तदाबासाठी दंडाला पट्टा बांधतात. पण फुप्फुसाचा आजार मात्र छातीला स्टेथोस्कोप लावून आणि एक एक्स-रे काढून ठरवला जातो. सुरुवातीच्या सीओपीडीत एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो, छातीत घरघरही नसते. हा आजार मोजायची तपासणी म्हणजे स्पायरोमेट्री. तिचं मूळ यंत्र लंडनच्या जॉन हचिन्सन यांनी १८४६ साली जगापुढे ठेवलं, म्हणजे रक्तदाबाच्या पट्ट्याहून ते जुनं आहे. तरीही वर्षानुवर्षं पंप (इनहेलर) घेणाऱ्या अनेकांनी ते कधी पाहिलेलंही नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुमच्या घरात कुणी दोन महिन्यांहून जास्त काळ खोकत असेल, धापत असेल किंवा 'दम्या'ची औषधं घेत असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा: "स्पायरोमेट्री कधी करायची?" यात त्यांचा अपमान होत नाही.

तपासणी सोपी आहे, पण रुग्णाला मेहनत घ्यावी लागते. नाकाला चिमटा लावतात, नळीभोवती ओठ घट्ट मिटायचे, छाती पूर्ण भरून घ्यायची आणि मग सगळी ताकद लावून फुंकायचं. हवा संपल्यासारखी वाटली तरी निदान सहा सेकंद फुंकतच राहायचं. असं निदान तीनदा नीट जमावं लागतं. शेजारी उभा असलेला तंत्रज्ञ "अजून, अजून, सोडू नका" म्हणून ओरडत नसेल, तर निकालावर भरवसा कमी ठेवा. त्यानंतर श्वासनलिका मोकळी करणारं औषध देऊन पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. औषधानंतरही पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांहून कमी असेल, तर नलिकांत कायमचा अडथळा आहे असं मानतात. बाकीच्या माहितीशी जोडून त्यावरून सीओपीडीचं निदान होतं. जायच्या आधी पोटभर जेवू नका, सकाळचा पंप घ्यायचा की नाही ते विचारून घ्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन किंवा हार्ट अटॅक नुकताच झाला असेल, थुंकीतून रक्त पडत असेल किंवा टीबीची शंका असेल, तर ते आधी सांगा. कागद फाइलला लावून ठेवा, कारण पुढच्या वर्षीच्या आकड्याशी त्याची तुलना करायची असते.

फुंकण्यात अडथळा नाही, पण एकूण हवाच कमी भरते, असं निघालं तर फुप्फुस कडक होत असल्याची शंका येते. मग छातीचा एचआरसीटी स्कॅन लागतो. इथे मुंबई-पुण्याच्या वाचकांशी थोडं स्पष्ट बोलायचं आहे. २०२५ च्या पावसाळ्यात कबुतरखान्यांवरून मुंबईत मोठा वाद झाला. मुक्या जिवाला दाणे घालणाऱ्यांच्या श्रद्धेचा मला आदर आहे. पण कबुतराच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ रोज छातीत गेली, तर काही माणसांची फुप्फुसं तिच्याविरुद्ध पेटून उठतात आणि शेवटी कडक होतात, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत आहे. फुप्फुस कडक होण्याच्या आजारांच्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय नोंदणीत २७ केंद्रांतले १,०८४ रुग्ण होते. त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना हा श्वासातून आत जाणाऱ्या कणांच्या ॲलर्जीचा आजार निघाला आणि त्यांपैकीही जवळजवळ निम्म्यांच्या घरी किंवा कामावर एअर कूलर होता. कूलरच्या ओल्या गवतावर बुरशी धरते आणि पंखा ती खोलीभर उडवतो. म्हणून कोरडा खोकला आणि धाप असेल, तर बाल्कनीतली कबुतरं, कूलर, ओल आलेली भिंत, धान्याचं कोठार, यातलं जे जे आसपास आहे ते डॉक्टरांना सांगा. हे कारण वेळेत दूर केलं, तर काहींचा आजार तिथेच थांबतो.

फुप्फुसं बरेच दिवस आजारी राहिली की त्याची झळ हृदयाला बसते, आणि इथेच पल्मनरी हायपरटेन्शन हा शब्द रिपोर्टवर उमटतो. मराठीत त्याला फुप्फुसातला उच्च रक्तदाब म्हणू. दंडाच्या पट्ट्यात तो दिसत नाही. आपल्या हृदयाची उजवी बाजू फुप्फुसाकडे रक्त ढकलते आणि तिचं काम हलकं असतं. तिथला सरासरी दाब विश्रांतीच्या वेळी साधारण १४ असतो, २० पर्यंत ठीक मानतात. फुप्फुसाच्या ज्या भागात ऑक्सिजन पोचत नाही तिथल्या रक्तवाहिन्या आपोआप आकसतात, म्हणजे रक्त चांगल्या भागाकडे वळावं. ही शरीराची शहाणी सोय आहे. पण सगळंच फुप्फुस आजारी असेल तर सगळीकडेच वाहिन्या आकसतात, दाब चढतो आणि हलक्या कामाची सवय असलेली उजवी बाजू दमून फुगते. मग पायांवर सूज, मानेच्या शिरा टरारलेल्या, पोट जड, चालताना डोळ्यांपुढे अंधारी, कधी चक्क बेशुद्धी. फुप्फुसाच्या तपासणीचा आकडा होता तेवढाच आहे आणि धाप मात्र वाढत चालली आहे, असं झालं तर हे शोधायला हवं.

पहिली तपासणी हृदयाचा टूडी एको. मात्र एको हा दाबाचा अंदाज सांगतो. सीओपीडीत फुगलेल्या फुप्फुसामुळे हृदय नीट दिसत नाही आणि अंदाज बराच चुकू शकतो. खात्रीने मोजायचं तर मांडीच्या किंवा मानेच्या शिरेतून नळी घालून उजव्या हृदयातला दाब पाहतात. पूर्वी या तपासणीत २५ किंवा त्याहून जास्त दाब असेल तर आजार म्हणत. २०१८ च्या जागतिक परिषदेत ती रेषा २० च्या वर अशी खाली आणायचं सुचवलं गेलं आणि २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शनाने ती स्वीकारली. ही नळीची तपासणी प्रत्येकाला लागत नाही. मोठा फुप्फुसाचा आजार आणि थोडा वाढलेला दाब, अशा रुग्णात फुप्फुसावर नीट उपचार करणं हेच मुख्य काम असतं. पण फुप्फुसाच्या मानाने दाब फार जास्त असेल, किंवा दाबासाठी खास गोळ्या सुरू करायच्या असतील, तर ती तपासणी टाळू नका.

माझा आग्रह आहे तो इथेच. "फुप्फुसात प्रेशर आहे" एवढ्यावर घरी परत येऊ नका. हे प्रेशर कशामुळे, ते विचारा. सगळ्यात जास्त वेळा कारण डाव्या हृदयात असतं. आपल्याकडे लहानपणी सांधेदुखीचा ताप येऊन झडप अरुंद झालेल्या कितीतरी तरुण मुली याच वाटेने धापेपर्यंत येतात, आणि झडप उघडली तर दाब उतरतो. दुसरं कारण फुप्फुसाचे आजार आणि झोपेतला श्वासरोध, म्हणजे मोठ्याने घोरता घोरता श्वास थांबणं. तिसरं, फुप्फुसाच्या वाहिन्यांत अडकून राहिलेल्या जुन्या गुठळ्या. चौथं, स्वतः वाहिन्यांचाच आजार. तो जन्मजात हृदयाच्या छिद्रातून, संधिवाताच्या गटातल्या काही आजारांतून, कधी घराण्यातून तर कधी कुठलंही कारण न सापडता येतो. याशिवाय काही रक्ताचे आणि इतर आजार आहेत.

यातल्या गुठळ्यांच्या कारणाबद्दल दोन वाक्यं जास्त लिहितो, कारण ते ओळखायचं राहून जातं. पूर्वी पायात गुठळी झाली होती, किंवा फुप्फुसात गुठळी गेली होती आणि रक्त पातळ करणारं औषध घेऊनही तीन महिन्यांनंतर धाप राहिली, तर फुप्फुसाचा व्हीक्यू स्कॅन करायला हवा. या रुग्णांतल्या काहींमध्ये ऑपरेशनने त्या जुन्या गुठळ्या सोलून काढता येतात, काहींत फुग्याने वाहिन्या उघडता येतात. पल्मनरी हायपरटेन्शनच्या सगळ्या प्रकारांत ऑपरेशनने मुळावर घाव घालता येईल असे प्रकार थोडेच, त्यातला हा एक. तो 'दमा' म्हणून औषधावर पडून राहावा, याहून मोठं नुकसान नाही.

दाबासाठीच्या गोळ्यांबद्दल सावध राहा. सिल्डेनाफिल, टाडालाफिल, बोसेंटन, अँब्रिसेंटन ही औषधं वाहिन्यांच्या आजारात आयुष्य बदलतात. सिल्डेनाफिलचं नाव वाचून लाजू नका, आईला ते लिहून दिलं तर ते फुप्फुसासाठीच असतं. पण तीच गोळी सीओपीडीच्या रुग्णाचा ऑक्सिजन खाली आणू शकते, आणि अँब्रिसेंटन फुप्फुसाच्या फायब्रोसिसमध्ये नुकसान करतं असं चाचणीत दिसलं आहे. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी किंवा नायट्रेटचं कुठलंही औषध चालू असेल, तर सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल घेणं जिवावर बेतू शकतं. शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याची चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये जाऊ नका. आणि हा आजार असलेल्या मुलीच्या घरच्यांनो, लग्नानंतर "आता पाळणा हलू दे" असा धोशा तिच्या मागे लावू नका. या आजारात गरोदरपण आईच्या जिवाला खरोखर धोक्याचं असतं. आधी हृदय-फुप्फुसाच्या डॉक्टरांशी बोला.

रोजच्या औषधांत सगळ्यात महत्त्वाचा पंप. त्याची सवय लागते, हा समज सोडा. गोळीतून जेवढं औषध सगळ्या शरीरात जातं त्याहून कितीतरी कमी मात्रा पंपातून थेट श्वासनलिकेत जाते. पण ती पोचली पाहिजे. दाबायचा पंप हलवून, श्वास सोडून, मग सावकाश आत घेताना दाबायचा आणि दहापर्यंत मोजून श्वास रोखायचा. पंपाला स्पेसरची नळी लावली तर जास्त औषध आत पोचतं. पावडरच्या कॅप्सूलचं यंत्र मात्र जोरात ओढायचं. त्या कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि दोष त्यांचा नव्हे, कुणी दाखवलंच नव्हतं. पुढच्या भेटीला पंप बरोबर न्या आणि डॉक्टरांसमोर घेऊन दाखवा. स्टेरॉइड असलेला पंप घेतल्यावर चूळ भरा. कोजागरीच्या रात्री दम्याच्या औषधाची खीर घ्यायला जात असाल तर जा, पण त्या भरवशावर पंप बंद करू नका. आणि नाव नसलेल्या पुड्यांनी दोन दिवसांत जादूसारखा आराम पडला, तर त्यात स्टेरॉइड असल्याची शंका घ्या. चेहरा सुजतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात.

करोनानंतर अनेक घरांत ऑक्सिमीटर आणि कॉन्सन्ट्रेटर पडून आहेत. आकडा पाहताना बोट गरम असू द्या, नेलपॉलिश आणि गडद मेंदी नसलेलं बोट लावा. आजार स्थिर असताना, बसल्या जागी, ऑक्सिजन ८८ किंवा त्याखाली राहतो आणि रक्ताच्या तपासणीतही ते पक्कं होतं, अशा रुग्णाला घरचा ऑक्सिजन आयुष्य देतो. १९८० आणि १९८१ साली अमेरिका आणि ब्रिटनमधल्या चाचण्यांनी हे दाखवलं. पण तो दिवसाला निदान १५ तास घ्यावा लागतो, धाप लागली की दहा मिनिटं नव्हे. ऑक्सिजन थोडासाच कमी असणाऱ्यांना त्याचा फायदा होत नाही, हे २०१६ च्या चाचणीने सांगितलं, तेव्हा घाबरून कर्ज काढून मशीन आणू नका. आणि डॉक्टरांनी दोनवर लावलंय ते आपल्या मनाने पाचवर नेऊ नका. सीओपीडीत जास्त ऑक्सिजनने रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो, सकाळी डोकं दुखतं, माणूस गुंगीत जातो. ऑक्सिजन चालू असताना त्या खोलीत विडी, उदबत्ती, निरांजन काहीही पेटवायचं नाही, नळी लावून गॅसपाशी जायचं नाही. वीज जाते त्या गावात छोटा सिलिंडर भरून ठेवा.

ज्यांना विडी-सिगारेट सोडायची आहे पण जमत नाही, त्यांच्यासाठी पाकिटावरच १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक छापलेला असतो, तो लावा. दरवर्षी फ्लूची आणि सांगितल्याप्रमाणे न्यूमोनियाची लस घ्या. आणि चाला. धाप लागते म्हणून बसून राहिलं की पायांचे स्नायू वाळतात आणि मग तेवढ्याच कामाला जास्त धाप लागते. डॉक्टरांना विचारून रोज थोडं चाला, थांबा, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडा, पुन्हा चाला. पाय सुजत असतील तर लोणचं-पापड कमी करा आणि रोज सकाळी वजन लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलोंनी वाढलं तर फोन करा.

ओठ निळसर पडले, वाक्य पुरं होईना, माणूस गुंगायला लागला, बेशुद्ध पडला, थुंकीतून रक्त आलं, किंवा एक पाय सुजून एकाएकी धाप सुरू झाली, तर सकाळची वाट पाहायची नाही. १०८ लावा. एका कागदावर आजाराचं नाव, औषधं, नेहमीचा ऑक्सिजनचा आकडा आणि डॉक्टरांनी किती ठेवायला सांगितला आहे तो आकडा (सीओपीडीत बहुधा ८८ ते ९२) आधीच लिहून ठेवा. आधार कार्डाच्या पाकिटात तो कागद असू द्या, आणि रुग्णवाहिकेत चढताच तिथल्या डॉक्टरांच्या हातात द्या.